ओझरहून सरळ रेषेत

नाशिकजवळच्या ओझरचा विमानतळ ते दिल्लीचा विमानतळ हे अंतर सुमारे ९९० किलोमीटर आहे. संगणकावर दोन नावं टाकली की लगेच आकडा येतो आणि त्याखाली प्रवासाचा वेळही येतो: सव्वा तास, फार तर दीड. वेळापत्रकात त्याच प्रवासाला दोन तासांच्या आसपास लिहिलेलं असतं. आणि गंगापूर रोडवरच्या घराला कुलूप लावल्यापासून दिल्लीतल्या भाच्याच्या दाराची बेल वाजवेपर्यंत किती वेळ गेला असं विचारलं, तर लोक म्हणतात, "अख्खा दिवस मोडला." तिन्ही उत्तरं खरी आहेत. कॉलेज रोडला माझं तिकिटं काढून द्यायचं छोटं ऑफिस आहे, त्यामुळे ही तिन्ही उत्तरं मला आळीपाळीने द्यावी लागतात. समोर कोण बसलंय त्यावर कुठलं उत्तर आधी द्यायचं ते ठरतं.

संगणकाचा आकडा येतो कुठून? दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वीच्या गोलावर त्या दोन ठिपक्यांमध्ये दोरा ताणला तर तो किती लांब भरेल ते काढायचं, आणि एका ठरावीक वेगाने भागायचं. कोणी ताशी ८०० किलोमीटर धरतं, कोणी ८५०, कोणी वरून अर्धा तास चढ-उताराचा म्हणून टाकतं. त्या हिशेबात वारा नाही, धुकं नाही, रांग नाही. सगळं आकाश तुमच्या एकट्याच्या नावावर केलेलं असतं.

निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार काका माझ्याकडे तिकीट काढायला येतात. हिशेबाला एकदम पक्के. एकदा त्यांनी मला धरलंच. "ताई, विमान आठशेच्या वर पळतं म्हणता. मग हजाराच्या आतल्या अंतराला दोन तास? राहिलेला पाऊण तास गेला कुठं?"

गेला कुठे, ते सांगते. वेळापत्रकातला वेळ धावपट्टी सोडल्यापासून मोजत नाहीत. चाकांचे ठोकळे काढून विमान उभ्या जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं, आणि पलीकडे पुन्हा जागेवर लागून ठोकळे बसले की थांबतं. विमानवाले याला ब्लॉक टाइम म्हणतात. ओझरला त्यातला फारसा वेळ जात नाही. तीन किलोमीटरची लांबलचक धावपट्टी आहे आणि गर्दी नाही, कारण हा मुळात प्रवाशांसाठी बांधलेला विमानतळच नव्हे. १९६४ साली मिग विमानांचा कारखाना इथे आला, त्याची ही धावपट्टी. पुढे सुखोई आली, आता २०२५ च्या ऑक्टोबरात ओझरला तयार झालेलं पहिलं तेजसही इथूनच उडालं. प्रवाशांसाठी वेगळी इमारत व्हायला २०१४ साल उजाडलं. त्यामुळे ओझरला विमान हललं की थोड्याच वेळात उडतं. दिल्लीला मात्र उतरण्यासाठी रांग आणि उतरल्यावर जागेवर लागण्यासाठी लांबलचक फेरी. डिसेंबर-जानेवारीत त्यात धुक्याची भर.

आणि मधल्या आकाशातही विमान सगळा वेळ आठशेने जात नाही. वर पोचायला वीसेक मिनिटं जातात. उतरायला तर त्याहून लवकर सुरुवात करावी लागते. साधारण छत्तीस हजार फुटांवरून हलक्या उताराने खाली यायचं तर विमानाला दोनशे किलोमीटर आधीच नाक खाली करावं लागतं. दिल्लीचं विमान उतरायला लागतं तेव्हा ते अजून राजस्थानावर असतं.

याशिवाय विमान कंपन्या वेळापत्रकात थोडी ढील ठेवतात. मागच्या हंगामात याच मार्गाला प्रत्यक्षात किती वेळ लागला ते बघतात आणि वर थोडी मिनिटं टाकतात, म्हणजे उशीर झाला तरी तो उशीर दिसत नाही. "आपण नियोजित वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोचलो आहोत" अशी घोषणा होते आणि प्रवासी खूश होतात, त्यातली बरीचशी मिनिटं आधीच त्यांच्याकडून काढून घेतलेली असतात. काकांना हे लगेच पटलं. "म्हणजे मार्केटात घट धरतात तसं," ते म्हणाले, आणि तिकिटाचे पैसे मोजायला लागले.

अंतर जितकं कमी, तितका हा जमिनीवरचा आणि चढ-उताराचा वाटा मोठा. ओझर ते मुंबई विमानतळ सरळ रेषेत मोजलं तर १६० किलोमीटरही नाही. म्हणजे मोठ्या जेट विमानाला पूर्ण उंचीवरून खाली यायला जेवढं अंतर लागतं, त्याहूनही कमी. त्या हिशेबाने ओझरहून उडायच्या आधीच उतरायला सुरुवात करायला हवी! तरीही २०१७ च्या डिसेंबरात, छोट्या शहरांना स्वस्तात विमानाने जोडायच्या सरकारी उडान योजनेखाली, नाशिक-मुंबई विमान सुरू झालं होतं. एकोणीस जणांचं छोटं पंख्याचं विमान. त्या योजनेत तासाभराच्या, म्हणजे साधारण पाचशे किलोमीटरच्या प्रवासाला अर्ध्या खुर्च्यांचं भाडं अडीच हजारांच्या आसपास बांधून दिलेलं होतं. नाशिकमध्ये त्याचं केवढं कौतुक! लोक केवळ बसून बघायला म्हणून तिकिटं काढून गेले. पण रोजच्या कामाचा माणूस चार दिवसांत हिशेब करायला लागला. शहरातून ओझर गाठायचं, तिथे आधी पोचून थांबायचं, उडायचं, मुंबईत उतरून सामान घ्यायचं आणि मग अंधेरीहून फोर्टला जायचं. तोवर पंचवटी एक्सप्रेस थेट सीएसएमटीच्या फलाटावर सोडते, आणि वाटेत वडापाव-चहाही देते. ते विमान फार काळ टिकलं नाही. कोणाला नावं ठेवायची तर खुशाल ठेवा, पण एवढ्या अंतरावर विमानाला जिंकता येईल असा डाव मला तरी दिसत नाही.

लांबच्या प्रवासात वेगळीच गंमत. तिथे मुळात सरळ रेषा कशाला म्हणायचं इथपासून सुरुवात.

पंचवटीतल्या एक आजी मुलाकडे न्यू जर्सीला जाऊन आल्या. समोरच्या खुर्चीच्या पाठीवर नकाशा होता, त्यात आपलं विमान कुठे आहे ते दिसायचं. झोप येईना म्हणून बाई सगळी रात्र ते बघत बसल्या. परत आल्यावर माझ्याकडे तक्रारच घेऊन आल्या. "अगं, अमेरिका पश्चिमेला ना? मग तो मेला वर वर कशाला जात होता, बर्फाच्या देशांकडे? सरळ जायचं सोडून एवढा वळसा! डिझेल का फुकट आहे?"

ऑफिसात एक पृथ्वीचा गोल आहे, शोभेला ठेवलेला. त्यावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा लावून दाखवला. आजींनी स्वतःच्या हाताने ताणला. सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, इजिप्त, सहारा, मोरोक्को असं करत अटलांटिक ओलांडते. पण गोलावर ताणलेला दोरा तिथे राहत नाही. घसरत घसरत वर जातो, मध्य आशिया, रशिया करत नॉर्वे आणि आइसलँडच्या मधल्या समुद्रावर येतो, जवळजवळ ६५ अंश उत्तरेपर्यंत, आणि मग खाली वळतो. मुंबई १९ अंशांवर, न्यूयॉर्क ४० च्या जरा वर, आणि त्यांच्यातली सगळ्यात जवळची वाट ६५ वरून! ही वाट साडेबारा हजार किलोमीटरची आहे. नकाशावरच्या पट्टीच्या रेघेने गेलं तर सतराशे किलोमीटर जास्त पडतात. आजींनी दोरा दोनदा सोडून दोनदा ताणून पाहिला. "मग नकाशे असे खोटे का छापतात?" हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. त्याचं उत्तर द्यायला मला दुपार गेली असती, म्हणून चहा मागवला.

हे गणित आपल्याकडे नवं नाही, याचा मला नेहमी थोडा अभिमान वाटतो. आमच्या शेजारच्या खानदेशात, चाळीसगावजवळ पाटण आहे, पाटणादेवीचं. तिथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला त्याची ती नोंद. या भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात पृथ्वीचा परीघ ४९६७ योजनं दिला आहे. पण मला त्यांचं त्याहून आवडतं ते सपाट दिसण्याचं स्पष्टीकरण. पृथ्वी गोल असेल तर आपल्याला सपाट का दिसते? तर परिघाचा शंभरावा भाग सपाटच भासतो आणि माणसाची नजर तेवढीच पोचते, असं ते सांगतात. आजच्या मापात शंभरावा भाग म्हणजे चारशे किलोमीटर. त्या हिशेबाने नाशिकहून मुंबई, पुणे, सुरत ही सगळी सपाट पृथ्वीवरची गावं. दिल्ली, बेंगळुरू, हैदराबाद गोल पृथ्वीवरची. माझ्या धंद्याची विभागणीही जवळजवळ अशीच आहे: चारशेच्या आतला माणूस गाडीने किंवा रेल्वेने जातो, बाहेरचा माझ्याकडे येतो.

आता दोरा ताणला, सगळ्यात जवळची वाट सापडली. विमान त्या वाटेने जातं का? बहुतेक वेळा नाही. आकाशातही ठरलेले रस्ते आहेत, त्यांवर नावं दिलेले बिंदू आहेत, लष्कराची राखीव आकाशं आहेत. आणि देशांच्या सीमा आहेत. जमिनीवर सीमेला कुंपण दिसतं, वर काहीच दिसत नाही, पण कुंपण तिथेही असतं. २०१९ च्या फेब्रुवारीत बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं ते जुलैच्या मध्यापर्यंत. तेवढ्या काळात एकट्या एअर इंडियाचा तोटा ४९१ कोटींचा झाला, असं सरकारने राज्यसभेत सांगितलं होतं. मग एप्रिल २०२५ मध्ये आपल्या विमानांना ते आकाश पुन्हा बंद झालं. या वेळी मला सगळ्यात चमत्कारिक वाटली ती ताश्कंदची गोष्ट. दिल्ली ते ताश्कंद सरळ रेषेत १६०० किलोमीटरच्या आत आहे. दिल्लीहून चेन्नई त्यापेक्षा लांब. पण पाकिस्तान टाळून जायचं म्हटल्यावर वळसा इतका मोठा झाला की इंडिगोला ताश्कंद आणि अल्माटी दोन्हींची विमानं थांबवावी लागली. हाताशी असलेल्या विमानांचा पल्लाच पुरेना. अंतर सांगणारा संगणक मात्र आजही तोच आकडा दाखवतो, आणि खाली लिहितो: दोन तास.

याच्या उलटंही घडतं. जास्त लांबून गेलेलं विमान लवकर पोचतं. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी दिशा बदलली आणि पूर्वेला, पॅसिफिकवरून पाठवलं. अंतर १५,३०० किलोमीटर झालं, म्हणजे चौदाशे जास्त. वेळ मात्र साडेचौदा तासांवर आला, पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास कमी. कारण वारा. या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे प्रचंड झोत वाहतात. पश्चिमेला निघालं की ते छातीवर येतात, पूर्वेला निघालं की पाठीवर. मुंबई-लंडन जाताना आणि येताना तासाभराचा फरक पडतो तो याच्यामुळे.

या झोतांचा शोध लागल्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १९२० च्या दशकात जपानमध्ये वासाबुरो ओइशी नावाचे हवामानतज्ज्ञ फुगे सोडून वरच्या वाऱ्यांचा वेग मोजत होते. त्यांना वर हे झोत सापडले. जगभर कळावं म्हणून त्यांनी अहवाल एस्पेरांतो या नव्याने घडवलेल्या जागतिक भाषेत लिहिला, आणि तो जगात जवळजवळ कोणी वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बॉम्बफेकी विमानं जपानवर त्याच झोतात सापडली, तेव्हा कुठे सगळ्यांचे डोळे उघडले.

नाशिक-दिल्ली प्रवास दक्षिणोत्तर असल्यामुळे वारा बाजूने लागतो आणि फरक थोडा पडतो. म्हणून काकांच्या पाऊण तासात मी त्याला धरलं नाही.

घड्याळांचा घोळ वेगळाच. दुबईला निघालेला एक तरुण तिकीट बघून खूश होता: चारला उडणार, पावणेसहाला पोचणार. "पावणेदोन तासांत दुबई! आम्हाला द्वारका चौकातून पाथर्डी फाट्याला जायला एवढा वेळ लागतो." त्याला सांगावं लागलं, बाबा, तिथलं घड्याळ दीड तास मागे आहे, बसायचं सव्वातीन तास आहे. येताना हीच उधारी व्याजासकट फिटते. घड्याळ तसं आपल्या घरातलंही पूर्ण खरं नाही म्हणा. भारताची वेळ मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी अंशांवरून ठरते आणि नाशिक त्याच्या पुष्कळ पश्चिमेला, म्हणून आपल्याकडे सूर्य डोक्यावर यायला पस्तीसेक मिनिटं उशीर होतो. मुंबईने स्वतःची वेगळी वेळ सोडून ही वेळ पूर्णपणे स्वीकारायला तर १९५५ साल उजाडलं.

पण वारा, सीमा, घड्याळ, हे सगळं माझ्या रोजच्या कामात क्वचित येतं. रोज येतो तो वेगळाच प्रश्न, आणि तो कुठल्याच अंतर सांगणाऱ्या यंत्राला विचारता येत नाही. ओझरहून विमान असताना नाशिकची माणसं रात्रीबेरात्री गाडी काढून मुंबईला का जातात?

माझे मुंबईचे नातेवाईक याला नाशिककरांची खोड म्हणतात. सकाळी सहाच्या विमानासाठी आम्ही रात्री साडेअकराला निघतो, कसारा घाटात ट्रकच्या मागे अडकतो, शहापूरला चहा पितो, पडघ्यापासून भिवंडीपर्यंत देव आठवतो. आता समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून घाटाच्या जागी आठेक किलोमीटरचा बोगदा आला आणि तो टप्पा फारच सुखाचा झाला. आमण्याला उतरलं की पुन्हा भिवंडी आहेच. एकूण चार तास धरायचे, नशीब चांगलं असेल तर थोडे कमी.

आणि गंमत बघा. ही सगळी यातायात दिल्लीला जाण्यासाठी असेल, तर माणूस आधी दीडशेहून जास्त किलोमीटर उलट्या दिशेला, नैर्ऋत्येला जातो. मग मुंबई-दिल्ली ११४० किलोमीटरचं विमान धरतो. त्या दोन शहरांमधली सरळ रेघ नकाशावर काढली तर ती नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम अंगावरून, पेठ तालुक्याच्या आसपासून जाते. म्हणजे रात्रभर जागून मुंबई गाठायची, आणि सकाळी विमानाने आपल्याच जिल्ह्यावर परत यायचं!

तरीही हा वेडेपणा नाही, असं माझं ठाम मत आहे. कसं, ते सांगते.

समजा ओझरहून एखाद्या शहराला दिवसातून एकच विमान आहे. तुम्हाला पोचायचं आहे सकाळी दहाला, विमान दुपारी. किंवा काम दुपारी चारला संपतं आणि परतीचं विमान अडीचला गेलेलं. तुमच्या सोयीची वेळ दिवसभरात कुठेही असू शकते, विमानाची वेळ एकच. आधीचं किंवा नंतरचं, जे जवळ असेल ते विमान घ्यायचं ठरवलं, तरी सोयीची वेळ आणि विमानाची वेळ यांच्यात सरासरी सहा तासांचं अंतर पडतं. चोवीसला चाराने भागायचं, एवढंच गणित. रात्रीचे तास वगळले तर आकडा थोडा खाली येईल, पण गोष्ट तीच. मुंबईहून दिल्लीला दिवसभरात इतकी विमानं आहेत की तासाला एक धरलं तरी हे अंतर पंधरा मिनिटांवर येतं. आता बेरीज करा. ओझरमार्गे: घरून तास, विमानतळावर दीड तास, ब्लॉक टाइम दोन तास, आणि वर हे न दिसणारे सहा. मुंबईमार्गे: रस्त्याचे चार, विमानतळाचे दोन, उड्डाणाचे सव्वादोन, वर पाव तास. साडेदहा विरुद्ध साडेआठ. ज्याला वेळेवर पोचायचं आहे त्याच्यासाठी मुंबई जवळ आहे, आणि हे त्याला गणित न करताही कळलेलं असतं.

ओझरचं विमान चुकणं ही तर वेगळीच शिक्षा. सिन्नरचे एक गृहस्थ आडगावच्या पुढे अपघाताच्या कोंडीत अडकले आणि दहावा मैल म्हणतात त्या फाट्यावर वळेपर्यंत विमानतळाचं काउंटर बंद झालं. मुंबईत हेच झालं असतं तर दोन तासांनी दुसऱ्या विमानात बसले असते, खिसा रिकामा करून का होईना. इथे त्यांना फोनवर मी एकच वाक्य सांगू शकले, "काका, आता उद्याच." त्या माणसासाठी त्या दिवशी दिल्ली ९९० किलोमीटरवर नव्हती, चोवीस तासांवर होती. शेवटी ते घरी गेले, जेवले आणि रात्री मुंबईला निघाले.

म्हणून ओझरच्या विमानात कोण बसतं ते बघा. नातवाच्या बारशाला निघालेले आजी-आजोबा, सुट्टीला आलेली इंजिनिअर पोरं, हनिमूनवाले, बेंगळुरूला बदली होऊन गेलेल्या लेकीकडे राहायला निघालेली आई. यांची वेळ विमानाच्या वेळेभोवती बसवता येते. त्यांच्यासाठी ते सहा तास शून्य असतात, कारण त्यांना ठरावीक वेळी कुठेच पोचायचं नसतं. ज्याला घाई आहे, ज्याची मीटिंग आहे, तो लांबच्या वाटेने जातो. जवळची सोय घाई नसलेल्यांच्या वाट्याला येते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले साहेब लोक मला हे कितीदा तरी हसत हसत बोलून दाखवतात, आणि मुंबईहूनचं तिकीट काढून घेतात.

वेळापत्रक दर मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. त्या सुमारास आमच्या व्यवसायातल्या लोकांत एकच चर्चा असते: यंदा ओझरहून नवीन कुठलं शहर? इंदूर, गोवा, नागपूर, अहमदाबाद, हैदराबाद, नावं येतात, जातात, पुन्हा येतात. जितकी जास्त नावं तितकं भाषणात बरं दिसतं. नवं शहर जोडलं की हार, नारळ, फोटो. जुन्याच शहराला दुसरी फेरी वाढली तर फोटो कोण काढणार?

मला विचाराल तर ओझरला नवं एकही नाव नको. आहेत त्यांतल्याच दोन-तीन शहरांना सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशी विमानं पक्की करा, आणि ती दर सहा महिन्यांनी हलवू नका. दिवसाला दोन फेऱ्या नीट अंतराने झाल्या की ते सहा तास तीनवर येतात. साडेदहाचे साडेसात होतात. म्हणजे दिल्ली एक किलोमीटरही जवळ न येता ओझर मुंबईपेक्षा जवळ येतं. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता आलं तर हॉटेलची रात्रही वाचते, आणि ही वाचलेली रात्र कंपन्यांना तिकिटाच्या भाड्यापेक्षा लवकर दिसते.

निफाडच्या काकांना हे सगळं कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी कागद नीट वाचला, बेरीज स्वतः पुन्हा केली आणि विचारलं, "आणि सीट भरल्या नाहीत तर?"

प्रश्न रास्त आहे. १८० च्या आसपास खुर्च्यांचं विमान दिवसातून दोनदा भरायचं तर एकट्या नाशिक शहराच्या जिवावर ते होणार नाही. दिंडोरी, निफाड, सिन्नरबरोबर मालेगाव आणि धुळ्याची माणसंही ओझरला यायला हवीत. आज त्यांतली काही शिर्डीचा विमानतळ धरतात, पण बरीचशी मुंबई. आणि मालेगाव-धुळ्याची गाडी मुंबईचं विमान गाठायला निघते, तेव्हा आग्रा रोडने येताना ती ओझरच्या दहाव्या मैलावरूनच पुढे जाते.